दोन्ही डावे

मंगळवारी मी ओस्सीच्या गोळ्या भरायला जाते.
सात कप्पे, तीन रंग;
त्यातली पांढरी तो हमखास विसरतो.
गावापासून चाळीस किलोमीटर नुसता बर्फ,
आणि डिसेंबरातला आमचा सूर्य,
दहाला येऊन सही करणारा,
दोनच्या आत पिशवी उचलणारा.

या वेळी टेबलावर डब्याला जागाच नव्हती.
काड. सगळीकडे काड.
रायचं, आमच्या काळ्या भाकरीच्या धान्याचं,
शेजारच्या शेतातून ऑगस्टात
मशीन यायच्या आदल्या दिवशी विळ्यानं कापलेलं.
"विचारून आणलंय," तो म्हणाला.
मी काही बोललेच नव्हते.

सौनातल्या कढत पाण्यात रात्रभर ठेवलं
की काडी कात्रीखाली तडकत नाही.
हे त्याला ठाऊक नव्हतं.
पहिल्या पन्नास चुलीत गेल्या.
कारण हे सारं ल्यूलीचं काम.
नाताळ आला की ती ओवायची, छताला टांगायची,
आणि हा लाकडाच्या गिरणीतून येऊन
मान वाकवून त्याखालून जायचा,
"टोपी लागली तर बघ हं" ऐकत.

उजव्या हाताला साडेतीन बोटं.
बाकीचं दीड गिरणीनं ठेवून घेतलं
एकोणऐंशी साली.
तेवढ्यांनी तो सुई धरतो,
सुई पोकळीतून जाते, दोरा मागोमाग.
बारा काड्यांची आठ तोंडं.
भिंत एकही नाही, नुसत्या कडा.
हिम्मेली म्हणतात याला.
असं एक रिकामं घर, त्याखाली दुसरं,
कोपऱ्याकोपऱ्याला पिल्लं.

"ब्लडप्रेशर," मी म्हटलं.
"गाठ मारू दे आधी."
दंडावर पट्टा फुगत गेला
तसा तो श्वास रोखून बसला.
मला वाटलं, माझ्यासाठी.
काडी हलू नये म्हणून होतं ते.
एकशे अठ्ठावन्न.
तेवढंच लिहिलं, आणि पुढे कंसात: ओवत होता.

मग स्टुलावर मी चढले, त्याला मनाई आहे.
टांगलं, तर एका अंगाला कललेलं.
ओस्सीनं खिसा चाचपला,
लोखंडी नट काढला,
खालच्या टोकाला बांधला.
सरळ झालं.
"ल्यूलीनं हे चालवून घेतलं नसतं,"
तो म्हणाला, अगदी खुशीत.

निघताना वर्तमानपत्रातलं पुडकं.
हातमोजे. करडे, पाठीवर काळी आठ पाकळ्यांची चांदणी.
एक तिनं विणून ठेवलेला,
दुसरा सुईवर घ्यायचा राहून गेला.
म्हणून हा ग्रंथालयात, दर गुरुवारी,
सहा बायका आणि एक ओस्सी,
तिचा मोजा मांडीवर ठेवून
टाका पाहायचा, टाका घालायचा,
एक चुकला तर चार ओळी उसवायचा.
हुबेहूब केलाय.
इतका हुबेहूब, की तोही डावाच.

आमचं कलम नऊ सांगतं:
रुग्णाकडून काही घेऊ नये, कॉफीचा कप वगळता.
मी वहीत लिहिलं: कॉफी घेतली.

दार उघडलं. बाहेर उणे बावीस.
वर ते सगळं काड एकदम गरकन वळलं,
नट दिव्याच्या काचेला लागला, टिंग.
"लावते हं," मी म्हटलं.
"नको. राहू दे जरा," तो म्हणाला, वर बघत.
मी उंबऱ्यात उभी राहिले,
घराची ऊब माझ्या कानांवरून बाहेर जाताना.

गाडीत उजवा अंगठा शोधत राहिला,
त्याची खोली भलत्याच बाजूला.
शेवटी मुठीतच घडी करून बसला.
गिअर टाकताना त्रास झाला, खोटं कशाला सांगू,
पुलाजवळ एकदा घसरलेही.

पुढे हिल्क्का, इन्सुलिन, साडेबारा;
पोचले तेव्हा एक वाजत आलेला.
रागवायच्या बेतात होती,
तेवढ्यात तिची नजर हातांवर गेली.
"हे काय गं? दोन्ही डावे?"
"हो," मी म्हटलं, "जोडीच आहे."